परत आलेलं ताट

पाहुण्या डॉक्टरांना नवी यंत्रणा दाखवताना आहारतज्ज्ञ बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक कॅमेरा. तो ताटाचा फोटो काढणार, पेशंटने किती खाल्लं ते बघणार आणि उद्याचा आहार ठरवणार.

"यापुढे आजाऱ्याचं पोषण असंच होणार," बाई म्हणाल्या. "माणसाची नजर चुकेल, याची नाही."

कोपऱ्यातल्या आजींचं ताट मात्र कालपासून जसंच्या तसं परत जात होतं. यंत्राने सांगून टाकलं होतं: अन्नावर वासना नाही, नाकातून नळी घाला. बाई समजूत घालायला आजींजवळ वाकल्या.

"घाबरू नका हं आजी. नळी घातली की जेवायची कटकटच नाही."

आजी ओशाळं हसल्या. "अगं, भुकेने जीव कासावीस झालाय. पण ताट तिकडे लांब, आणि मला उठता येत नाही. तुला हाक मारणार होते, पण तू सारखी त्या फोटोंतच."

पाहुण्यांसमोर बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.


फोटो नीट यावा म्हणून ताटाचं टेबल तिकडे ओढलं होतं, ते त्यांनीच.