मंगळाची पीडीएफ

लेकीच्या पत्रिकेत सातव्या घरात मंगळ असल्यामुळे माधवरावांनी आजवर बरेच नकार पचवले होते. नव्या स्थळाने पत्रिकेची पीडीएफ मागितली, म्हणून ते नारायण पेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात आले. दुकानदाराने पिवळा कागद स्कॅन केला. “आधी वर्डमध्ये घेतो. पुसट अक्षरं नीट करता येतील.” माधवरावांनी मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं. “तेवढा मंगळ तिसऱ्या घरात सरकवता का?” दुकानदाराने तो सरकवला, पीडीएफ केली आणि मुलाच्या वडिलांचा नंबर विचारला. नंबर टाकताच मोबाइलवर नाव आलं. “हे काल येऊन गेले. मुलाचा मंगळ हलवून घेतला. अहो, दोघांनाही मंगळ. खऱ्या पत्रिका दाखवल्या असत्या तरी जुळलं असतं.” माधवराव लालबुंद झाले. “म्हणजे सरळसरळ फसवतायत की आम्हाला.” “पाठवू की नको?” “पाठवा. पण माणसानं इतकं खोटं वागू नये.”