वाचता येईपर्यंत

धर्मेंद्रनं पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवला आणि कोकिळा मॅडमनी न विचारताच दाखल्यांचं पुस्तक पुढं ओढलं. जूनमध्ये पालक पेढे घेऊन शाळेत आला, म्हणजे तो पोराचा दाखला न्यायला आला, हे त्यांना आता पाठ झालं होतं.

"आपल्या जागृतीचं कॉन्व्हेंटात झालं, मॅडम. तिथल्या सरनं पुस्तक देल्लं, पोरीनं घडाघडा वाचून दाखवलं. सर म्हणे, कुठं शिकली? मी सांगतलं, आमच्या कोकिळा मॅडमकडं."

"मग काऊन काढून राह्यले तिले इथून?"

धर्मेंद्रला प्रश्नच कळला नाही. "हुशार निंघाली नं. आता इथं ठेवून कसं चालन?"

मॅडमनी पेढा हातात धरला, तोंडात घातला नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. तेही चाललं असतं, पण दळण आणून देणाऱ्यानं वर पेढे द्यावेत, याचा त्यांना भारी संताप आला. जागृतीला धरून शाळेचा पट वीस होता. त्याच्या खाली गेला, तर देवळीतली ही शाळा पलीकडच्या शाळेत मिळवून टाकायचं बोलणं वर चालू होतं. मे महिनाभर त्या डोक्याला ओला दुपट्टा बांधून दारोदार फिरल्या होत्या. लोकांनी पाणी दिलं, चहा दिला, पोर कोणी दिलं नाही.

त्यांनी दाखल्यावर सही केली. शिक्का इतक्या जोरात मारला की टेबल हाललं.

"आता हिले घ्या पहिलीत." धर्मेंद्रनं पाठीमागं लपलेली धाकटी पुढं केली. "मयुरी."

मॅडमचा जीव भांड्यात पडला. एक गेली, एक आली. पट वीसच. त्यांनी पेढा तोंडात टाकला.

"वाचता येऊ द्या फक्त," धर्मेंद्र उठता उठता म्हणाला, "मंग हिलेबी तिकडंच टाकतो."

तो गेला. गाडीचा आवाज लांब गेला तरी मॅडम जागच्या हलल्या नाहीत. वीस वर्षांच्या नोकरीत कधी आला नव्हता असा विचार त्यांच्या मनात आला. हिला जरा सावकाशच शिकवावं. काय घाई आहे?

मयुरी भिंतीवरच्या तक्त्यापाशी उभी होती. तिनं एका अक्षरावर बोट ठेवलं. "मॅडम, हे काय हाय?"

मॅडमनी उगाच ड्रॉवर उघडला, बंद केला.

"मॅडम, हे काय हाय?"

"म," शेवटी मॅडम म्हणाल्या. न सांगता त्यांना राहवेना. "मयुरीतला म."

पोरीनं अक्षराकडं डोळे बारीक करून पाहिलं. मग पळत टेबलापाशी आली आणि पेढ्यांच्या डब्यावर छापलेल्या 'मिठाई'वर बोट टेकवलं.

"हा बी म हाय."

कोकिळा मॅडमनी कपाळाला हात लावला. ही तर दिवाळीपर्यंतच वाचायला लागणार.