हवालदाराचे कान

कुत्र्याने मान वर केली, तसे वडील खुर्चीतून उठले.

"बघ, आलं कुणीतरी," ते मुलीला म्हणाले आणि चपला सरकवून फाटकाकडे निघाले. कुत्रा पुढे, ते मागे. कुंपणाची झुडपं दाट वाढली होती, व्हरांड्यातून रस्ता दिसत नव्हता. पण थोड्या वेळाने तिकडून अंडीवालीचं खळखळून हसणं ऐकू आलं. वडील हातात अंडी सांभाळत परतले. चेहरा असा, जणू ती त्यांनीच घातली होती.

"पटलं?"

मुलीने अंडी त्यांच्या हातातून घेतली. ती शहरातल्या इस्पितळात लोकांचे कान तपासायची. वडिलांचे तपासायची गरजच नव्हती. त्यांचं उभं आयुष्य लाकडाच्या वखारीत, करवतीशेजारी गेलं होतं. आता समोरून बोललं तर ते ओठ बघून समजून घेत. पाठीमागून कितीही हाका मारा, ढिम्म. यंत्र आणून दिलं तर म्हणाले, कानात पाणी गेल्यासारखं होतं, आणि ते कपाटात ठेवून दिलं. अशा माणसाला गावाबाहेरच्या घरात एकटं ठेवायचं कसं? म्हणून ती त्यांना न्यायला आली होती. त्यांची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती.

"माझे कान ते बघ," सकाळीच त्यांनी कुत्र्याकडे बोट दाखवलं होतं. कुत्र्याचं नाव हवालदार. "पगार मागत नाही, रजा घेत नाही."

"आणि त्याला ऐकू आलं नाही तर?"

"आज दिवसभर बसून बघ. एक जरी माणूस फाटकाशी ताटकळला आणि आम्हाला कळलं नाही, तर संध्याकाळी मुकाट्याने तुझ्या गाडीत बसतो. नाहीतर तू एकटी जा. आणि पुढच्या खेपेला साहेबांना बिस्किटं आण."

ऊन चढत गेलं. दोरीवरचे कपडे बघता बघता कडक झाले. हवालदार नळाखालच्या ओल्या जागेत पोट टेकून पडला होता, पण डोळे वडिलांच्या खुर्चीवर. मधूनच तो उठे, वडील उठत, दोघं फाटकाशी जात, आणि दर वेळी कुणीतरी भेटेच. पोस्टमन भेटला, शाळेतल्या बाई भेटल्या. मुलीला नवल वाटलं. शहरात तिच्या दारावरची बेल वाजलीच तर ती चुकून वाजलेली असायची.

दुपारी वडिलांचा डोळा लागला. मुलगी स्वयंपाकघरातून ताट आणि चमचा घेऊन आली. हवालदार जागा होता, खुर्चीकडे बघत होता. ती त्याच्या मागे गेली, सावली पुढे पडणार नाही अशी. जमिनीची थरथर पोहोचू नये म्हणून पायाखाली गादी घेतली. मग ताटावर चमचा हाणला.

हवालदाराचा कानसुद्धा हलला नाही.

तिने पुन्हा हाणला. झाडावरचे पक्षी उडाले. हवालदाराने सावकाश जांभई दिली.

म्हणजे कानही बहिरे निघाले. पैज तिने जिंकल्यातच जमा होती, पण आनंद काही होईना. वडिलांना हे सांगायचं कसं? आणि बहिऱ्या कुत्र्याला माणूस आल्याचं कळतं तरी कसं? ती समोरच्या पायरीवर बसून राहिली.

वडील जागे झाले. पायाला मुंग्या आल्या असाव्यात, त्यांनी पाय लांब केला. ते बघून हवालदाराने मान वर केली. मालकांनी काहीतरी ऐकलेलं दिसतंय, असा त्याचा भाव. हवालदाराची मान वर झालेली बघून वडील ताठ बसले.

"बघ, आलं कुणीतरी!"

ऐकलं कुणीच नव्हतं. या वेळी ती त्यांच्या मागोमाग गेली. रस्ता पार वळणापर्यंत मोकळा. तरी दोघं ठाण मांडून उभे: वडिलांचा हात फाटकावर, हवालदाराचं नाक गजांतून बाहेर. दोघांच्या चेहऱ्यावर तिळमात्र शंका नाही. तिने सगळं सांगायचं ठरवलं. वडिलांसमोर जाऊन तोंड उघडलं.

तेवढ्यात वळणावरून एक सायकल आली. खांद्याला हत्यारांची पिशवी अडकवलेला वायरमन होता. लांबूनच त्याने दोघांना पाहिलं, हात केला आणि फाटकाशी येऊन पाय टेकला.

"काय हवालदार, बंदोबस्त कडक आहे ना?"

हवालदाराचं शेपूट जोरजोरात हलू लागलं. वडील हसले. "थांब, गार पाणी आणतो. आणि काल तुझ्या पोराचं काय झालं, ते सगळं सांगायचं," असं बजावून ते लगबगीने आत गेले.

"काही काम होतं का त्यांच्याकडे?" मुलीने विचारलं.

"छे हो ताई. मी तर सरळ घरी निघालो होतो. थांबायचं काल मनात नव्हतं, आजही नव्हतं," वायरमन घाम पुसत म्हणाला. "पण ही जोडी अशी वाट बघत उभी असते, मग पुढे जाववत नाही. या रस्त्याने येणाऱ्या सगळ्यांचं हेच. एखाद्या दिवशी दोघं दिसले नाहीत, तर आम्हीच आत येऊन बघतो."

वडील पाण्याचा तांब्या घेऊन आले. मुलीकडे बघून त्यांनी भुवया उडवल्या.

"काय गं? ताटकळलं कुणी?"

मुलगी त्यांच्या समोर उभी राहिली. ओठ नीट दिसतील अशी, एकेक शब्द सुटा करत म्हणाली,

"नाही बाबा. माणूस थांबायच्या आधीच तुम्हाला कळतं."