पिच झाकायचा रविवार

इल्मा ट्रेझीजने ढकलगाडी कलती केली आणि लाल वाळूचा आणखी एक ढीग क्रिकेटच्या पिचवर ओतला. दुपार कलली होती. समुद्रावरून पातळ धुकं आत येत होतं, आणि मैदानाच्या टोकाला फुटबॉलचे चार उंच खांब अर्धेच दिसत होते.

जगाच्या या दक्षिण टोकाला मार्चनंतर हिवाळा येतो, आणि मार्च सरला की हे काम गावातली पाच-सहा माणसं मिळून करत. क्रिकेटचा मोसम संपला की मैदानाच्या मधोमध असलेल्या सिमेंटच्या पिचवर वाळूचा जाड थर घालायचा, म्हणजे हिवाळाभर फुटबॉल खेळणाऱ्या पोरांचे गुडघे फुटत नाहीत. ऑक्टोबरात वाळू उपसायची, की पुन्हा क्रिकेट. यंदा कुणीच आलं नव्हतं. इथल्या लंबगोल चेंडूच्या फुटबॉलला अठरा गडी लागतात आणि गावात तेराच उरले होते, म्हणून परवाच्या सभेत संघ बंद झाला. इल्मा सभेला होती. हात वर करायची वेळ आली तेव्हा ती चहाचे कप विसळायला उठून गेली.

पाठ भरून आली तशी ती गवतावर टेकली आणि तिने डोळे मिटले. सत्तरी ओलांडलेल्या बाईला कुठेही डुलकी लागते, त्यात हे मैदान तिच्या घरापेक्षाही अंगवळणी पडलेलं. क्रिकेट तिला आवडायचं ते असंच, अर्धवट झोपेत. टोपी डोळ्यांवर ओढून पडून राहायचं आणि बॅटचा टक्क आवाज आला की एक डोळा उघडायचा. फुटबॉलला मात्र तिच्या अंगात यायचं. भर पावसात पंचाला शिव्या घालून घालून तिचा घसा बसायचा. नवरा होता तेव्हा म्हणायचा, "दोन बायका केल्या की फजिती होते म्हणतात. तू तर दोन नवरे केलेस, आणि मी तिसरा."

स्वप्नात पांढऱ्या कपड्यांतली क्रिकेटची पोरं फुटबॉलचा लंबगोल चेंडू आभाळात लाथाडत होती, आणि चेंडू खाली येतच नव्हता. कुणाला घाई नव्हती. ऊनही होतं आणि पाऊसही. तिला फार बरं वाटत होतं.

"इल्मा मावशी! मेलीस की काय?"

समोर रोअन पास्को उभा होता. उन्हाळ्यात क्रिकेटचा कप्तान, हिवाळ्यात फुटबॉलचा हुकमी गोल मारणारा गडी. एवढ्याशा गावात दोन्हीकडे तीच पोरं. इल्माने त्याला रांगता असल्यापासून या मैदानावर पाहिलं होतं.

"मेले असते तर खड्डा तुलाच खणावा लागला असता. फावडं घे."

"पण झाकतेस कशाला? यंदा इथे खेळणारे कोण? उलट बरंच झालं, बारा महिने क्रिकेटचा सराव करता येईल. इतकी वर्षं तूच बोंबलायचीस ना, हे फुटबॉलवाले रेडे माझ्या पिचची वाट लावतात म्हणून?"

"बोंबलायचे. आता कुणाच्या नावाने बोंबलू?"

तो हसला. ती हसली नाही.

"बारा महिने क्रिकेट असलं तर त्याची वाट कधी बघायची रे? जूनच्या पावसात कुडकुडलं की मग कुठे ऑक्टोबरचं ऊन गोड लागतं. मला दोन्ही हवंय. एक गेलं तर दुसरंही जाईल माझं."

रोअनने फावडं उचललं. वाळू ओढायला तो वाकला तेव्हा जाकिटाच्या आतला पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा, बिनबाह्यांचा स्वेटर दिसला. ते पाइन फ्लॅटच्या फुटबॉल संघाचे रंग होते. पाइन फ्लॅट म्हणजे शेजारचं गाव, आणि त्या गावाबद्दल इल्माच्या तोंडून आयुष्यात एक चांगला शब्द निघाला नव्हता.

तिची नजर कुठे गेली ते त्याला कळलं. त्याने चेन वर ओढली, मग उगाचच पुन्हा खाली केली.

"सरावाहून तसाच आलो. तुला सांगायलाच आलो होतो, मावशी. खेळायचं तर कुठेतरी जायलाच हवं."

"आईला सांगितलंस?"

"हो. रडली."

"मग मी नाही रडत. एका दिवसात दोघी कशाला."

दोघांनी उरलेली वाळू पसरली. धुकं आता मैदानाच्या मध्यापर्यंत आलं होतं आणि पिच कुठे संपतं, गवत कुठे सुरू होतं, ते कळत नव्हतं.

"पहिला सामना शनिवारी?" इल्माने विचारलं.

"हो. त्यांच्याच मैदानावर."

"तिथे कुंपणाला गाडी लावून आत बसून सामना बघू देतात का, की परगावच्यांना मागे पिटाळतात?"

रोअन फावड्यावर रेलून तिच्याकडे बघतच राहिला.

"आदल्या संध्याकाळीच लावून ठेवावी लागते," तो म्हणाला. "मी लावून ठेवीन तुझी."

"ठेव. पण एक ऐकून ठेव." तिने बाहीने नाक पुसलं. "गोल झाला की कुंपणावरच्या सगळ्या गाड्यांचे भोंगे वाजतील. त्यात माझा वाजला, तर समज तो गोल तुझा आहे. दुसऱ्या कुणी मारला, तर मी चहा ओतत असेन."