पुरं नाव

आमच्या साखऱ्याचे देशमुख दुसऱ्याच्या नावाचं शेपूट तोडूनच हाक मारतात. खाजा मियाला खाज्या, मनकर्णाला मनी, सोनाजी गड्याला सोन्या. सोताला मात्र ‘श्रीमंत व्यंकटराव देशमुख सरकार’ म्हटल्याबिगर कुणी तोंड उघडायचं न्हाई. परवा सोनाजीनं नुसतं ‘सरकार’ म्हटलं, तर भर खळ्यावर त्याला जोड्यानं हाणलं.

आज त्याच खळ्यावर देशमुख पाठ करून उभे होते, अन् मारका बैल दावं तोडून त्यांच्याकडंच सुटला. सोनाजी समोरच होता. तरी देशमुख उडून शेणात पडले.

"बैल दिसला तवा वरडला काहून न्हाई रे, सोन्या?" ते कण्हत म्हणाले.



"वरडलो की. पर ‘बैल’ म्हणायच्या आदी तुमचं नाव पुरं करून राहिलो व्हतो."