शेजाऱ्याची साक्ष

वेदिकाच्या पासपोर्टच्या चौकशीला हवालदार थेट मळ्यातच आला. कागद पाहून झाल्यावर महेशला म्हणाला, "आता एखाद्या शेजाऱ्याला बोलवा. तुमची मुलगी कशी आहे, ते त्याच्या तोंडून ऐकायचंय."

मळ्यात घरं दोनच. दुसरं पुंजाआबांचं, आणि त्यांच्याशी बांधावरून कोर्टात केस चालू. वेदिका पहिलीत होती तेव्हापासून या घरचं पाणी त्या घरानं प्यायलेलं नव्हतं. लेकीचं जर्मनीतलं कॉलेज आता त्या म्हाताऱ्याच्या जिभेवर होतं.

हवालदारानंच हाक मारली. आबा आले आणि ओट्याखालीच उभे राहिले.

"बाबा, ही मुलगी कशी आहे?"

आबांनी आधी महेशकडं रोखून पाहिलं. "बापाचं इचाराल तर ते मी कोर्टात सांगंन. पोरगी मात्र सोनं हे. रोज माझ्याच बांधावरनं साळंत गेली, पण कांद्याची एक पात कधी मोडली नाय तिनं. खुशाल जाऊ द्या तिला. कुठं करू सही?"

'माझ्याच बांधावरनं' हे महेशनं आज ऐकून घेतलं. सही झाली, तसा तो स्वतः आत गेला, चहा घेऊन आला आणि दोन्ही हातांनी आबांपुढं धरला. "घ्या, आबा."

"ऱ्हाऊ दे." आबा जायला वळले. "उद्या चांदवडला तारीख हे आपली. टायमावर ये. बांध काय मी सोडायचो नाय."