ब्रेकमधली हवा

“दाबा, बाबा.”

काहीच झालं नाही. यतीन पुढच्या चाकाशी गुडघे टेकून बसला होता. एका हातात पाना, दुसऱ्यात जॅमची रिकामी बाटली. चाकापासून निघालेल्या पारदर्शक नळीचं टोक त्याने बाटलीत सोडलं होतं.

“दाबतोय,” गाडीतून मुरलीधर म्हणाले. “पायाने ऐकायला नको का?”

मग पेडल कुरकुरलं. पाच महिन्यांत अंगावरची चादरही न सारलेल्या त्या उजव्या पायाने पेडल इंचभर खाली नेलं. नळीतून एक बुडबुडा सरकत आला आणि बाटलीत फुटला. देवळात बघावं तसा यतीन त्याच्याकडे बघत राहिला.

“सोडू का? की मुक्काम करू इथे?”

“सॉरी, सॉरी. सोडा!”

गाडी मुरलीधरांचीच. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या गाड्यांना ब्रेक बसवले आणि रिटायर झाल्यावर स्वतःसाठी दोन सीटची गाडी सुट्या भागांत, खोक्यांतून घरी आणली. चासीचा सांगाडा उभा झाला, इंजिन बसलं. २००४च्या मार्चमध्ये इंजिनामागच्या पत्र्यावर ब्रेक ऑइलच्या दोन डब्या बसवताना ते तिथेच कोसळले. उजवी बाजू गेली. बोलणं परत आलं, हात आला, पाय काही आला नाही.

फिजिओथेरपीच्या मुलीला त्यांनी दोन आठवड्यांत पळवून लावलं. “हे पाय हलवायचे खेळ लहान मुलांना शिकव,” म्हणाले आणि खिडकीतल्या खुर्चीत बसले ते बसलेच. हॉस्पिटलने सांगून ठेवलं होतं, सहा महिन्यांत जे परत येईल ते आपलं. पुढचं धरून चालू नका.

यतीन रीडिंग शहरात बँकेच्या आयटीत होता. तोवर तो घरी यायचा दिवाळीला आणि आईच्या वाढदिवसाला. गाडीबद्दलचं त्याचं ज्ञान पेट्रोल भरण्यापुरतं. तरी एका रविवारी तो आला, गराजमध्ये शिरला आणि त्या दोन डब्यांना उरलेले पाइप जोडू लागला. स्वयंपाकघरातून गराजमध्ये उतरायला दोनच पायऱ्या होत्या. वर दारात खुर्ची टाकून मुरलीधर त्याचा उद्धार करत बसले. पाइप जोडले, ऑइल भरलं. पाइपांत हवा राहिली तर ब्रेक लागत नाहीत, आणि ती काढायची तर दोन माणसं हवीत, एक पेडलवर आणि एक चाकाशी. यतीनच्या आईने, अरुणाताईंनी, गुडघ्यांचं कारण सांगून अंग काढून घेतलं. शेवटी मायलेकांनी मुरलीधरांना धरून खाली उतरवलं, सीटवर बसवलं.

आणि पाय हलला.

त्या संध्याकाळी निघण्यापूर्वी यतीनने एक उद्योग केला. डबीखालचा एक नट जरासा सैल केला आणि खाली फडकं ठेवलं. आठवडाभर थेंब थेंब ऑइल गळलं, पाइपात हवा शिरली. पुढच्या रविवारी सगळं पहिल्यापासून!

असे नऊ रविवार गेले.

“तुझ्या हातात पाना म्हणजे माकडाच्या हाती कोलीत,” मुरलीधर म्हणायचे.

“माझी चूक झाला, बाबा. परत करूया?”

“चूक ‘झाली’. कर.”

एक गोष्ट मात्र यतीनला कळत नव्हती. त्याने नट केसभरच सैल केलेला असायचा आणि कधीकधी डब्या पार कोरड्या मिळायच्या. आपल्याला पाना धरताच येत नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

पेडल इंचावरून दोन इंच, मग पार तळाला जाऊ लागलं. मुरलीधर वॉकर धरून बाथरूमपर्यंत जायला लागले. तिथे मात्र गाडं अडलं. तीन आठवडे झाले, वॉकर सोडून एक पाऊलही नाही. त्यात सरकारी तपासणीची तारीख आली. ती पास झाल्याशिवाय गाडीला नंबर मिळणार नव्हता. शिवाय ज्या माणसाचं आयुष्य ब्रेकमध्ये गेलं त्यालाच आपण ब्रेकवरून फसवतोय, हे यतीनला आता सोसवेना.

“आई, शुक्रवारी टेस्ट आहे. या रविवारी सगळं फायनल करतो.”

“इतक्यात?” अरुणाताई म्हणाल्या. “आणि मग रविवारचं काय?”

त्या रविवारी यतीनने नट अगदी घट्ट आवळला. हवा काढून झाल्यावर मुरलीधरांनी पेडल तीनदा दाबून बघितलं. दगडासारखं घट्ट.

“झालं,” ते म्हणाले. शिवी नाही, शाबासकी नाही. वर येऊन ते खिडकीतल्या खुर्चीत बसले आणि बाहेर बघत राहिले. आपण गाडी पुरी केली आणि पाय घालवला, असंच यतीनला परतीच्या वाटेवर वाटत राहिलं.

गाडी न्यायला तो शुक्रवारी सकाळी यायचा होता. पण ट्रेलर एक दिवस आधी मिळाला, म्हणून गुरुवारी दुपारीच, न कळवता, आला. स्वतःच्या किल्लीने दार उघडलं. आई घरात नव्हती. खिडकीतली खुर्ची रिकामी. वॉकर तिच्या शेजारीच.

“बाबा?” त्याने हाक मारली. पडले की काय? त्याने बाथरूममध्ये बघितलं, मग धावत स्वयंपाकघरात गेला आणि गराजचं दार ढकललं.

मुरलीधर गाडीसमोर पाठमोरे उभे होते. कशाला टेकलेले नाहीत, कशाला धरलेलं नाही, दोन्ही पायांवर सरळ उभे. यतीन उंबऱ्यावरच खिळला. बाबांचे दोन्ही हात कामात होते. एका हाताने त्यांनी पाइप धरला होता आणि दुसऱ्या हातातल्या पान्याने डबीखालचा नट सैल करत होते.

“आलीस का गं?” वळून न बघताच ते म्हणाले. “यतीनला फोन लाव. म्हणावं, परत हवा शिरलीय. रविवारी यावं लागेल.”